शिट्टीवाल्याचा पगार कोण देतं?

महानुभाव आश्रम चौक मागे पडला की पैठण रोड आपला वीकएण्डचा रोड होतो. जायकवाडीचे पक्षी, नाथांची समाधी, पैठणीची खरेदी... सगळं पुढे. कांचनवाडी, नक्षत्रवाडी ओलांडून चितेगाव येतं. तिथे आपण फार तर चहापुरते थांबतो आणि सुटतो.

एकदा दिवस मावळल्यावर थांबून बघा. कंपनीच्या बसेस लागतात, सेकंड-थर्ड शिफ्टची माणसं डबे घेऊन इकडून तिकडे होतात. हे गाव जगाला ठाऊक झालं ते व्हिडिओकॉनमुळे. ती कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण गावाभोवती भाड्याच्या खोल्यांचं जे जग उभं राहिलं ते काही गेलं नाही. रस्त्याला लागून कंपनीचं गेट, वॉल कंपाउंड, युनिफॉर्ममधला गार्ड, येणाऱ्या-जाणाऱ्याचं रजिस्टर. आणि गेटमधून आत गेलेल्या माणसाच्या खोलीला काय, तर एक कुलूप. नाइट शिफ्ट म्हणजे खोली रात्रभर रिकामी. हे चोरालाही कळतं! पोलीस ठाणं पुढे बिडकीनला, आणि तिथे ऑरिकची भलीमोठी वसाहत उभी राहतेय. मनुष्यबळ पुरणार किती?

मग उपाय तोच, जो तुमच्या-आमच्या कॉलनीत आहे. वर्गणी काढा, गुरखा ठेवा, कॅमेरे लावा. प्रश्न एवढाच की, त्यानं चोऱ्या खरंच कमी होतात का?

अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय. न्यू ऑर्लिन्समध्ये काही मोहल्ले मतदान करून स्वतःवर जादा फी लावून घेतात आणि त्यातून गस्त चालवतात. लॉस एंजेलिसमध्ये व्यापारी भागांनी असेच पैसे गोळा करून रखवालदार नेमले. फिलिप कुक आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 2011मध्ये तिथला हिशेब मांडला, तेव्हा गुन्हे घटल्याचं दिसलं आणि ते शेजारच्या भागात सरकल्याचंही दिसलं नाही. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ स्वखर्चाने पोलीस ठेवतं. त्या हद्दीच्या अलीकडची-पलीकडची तुलना 2016मध्ये छापून आली : हद्दीच्या आत गुन्हे 45 ते 60 टक्के कमी!

लगेच टाळ्या नकोत. त्याच देशात, कॅन्सस सिटीत 1972-73मध्ये पोलिसांच्या गाड्यांची गस्त काही भागांत दुपटी-तिपटीने वाढवली, काही भागांत बंदच केली. गुन्ह्यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे नुसतं फिरून भागत नाही. छोटा, दाट वस्तीचा भाग हवा, माणूस तिथे सतत दिसायला हवा आणि पैसे न चुकता यायला हवेत. आपला गुरखा रात्री दोनला लांबून शिट्टी मारत येतो. (चोराला याहून चांगला अलार्म कोणता?)

गंमत म्हणजे दख्खनच्या गावांत ही सोय फार जुनी. एल्फिन्स्टनच्या 1819च्या अहवालात तिचं वर्णन आहे. गावचा जागल्या गावाच्या खर्चाने पोसलेला. चोरी झाली की त्यानं माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावाची. माग हरवेल तिथल्यांनी भरपाई करायची. शिट्टी वाजवून काम संपत नव्हतं!

आता चितेगावचं गणित करून बघू. समजा, 60 खोल्यांची एक गल्ली, खोलीमागे महिना 300 रुपये. झाले 18 हजार. एक माणूस ठेवता येईल. त्याला आठवड्याची सुट्टी दिली तर बदलीचा नाही. आणि हे 300 द्यायचे कुणी? घरमालक म्हणेल, सामान भाडेकरूचं. भाडेकरू सहा महिन्यांनी खोली सोडणारा, तो म्हणेल, घर मालकाचं. दोन महिने वर्गणी जमते, तिसऱ्या महिन्यात शिट्टी बंद. न्यू ऑर्लिन्सची फी घरपट्टीच्या बिलातच येते, म्हणून ती चुकवता येत नाही. माझं स्पष्ट मत : इथेही ती घरमालकाकडूनच घ्यावी, कारण भाडं तो घेतो.

त्यानंतर मोजायचं कसं, हा वेगळाच घोळ. मोटारसायकल गेली तर विम्यासाठी का होईना, माणूस ठाण्यात जातो. सिलिंडर गेला, मोबाइल गेला तर? मोबाइलची नोंद बरेचदा ‘गहाळ’ म्हणून होते. चोरीच्या आकड्यात तो येतच नाही. परराज्यातला कामगार तर एक हजेरी बुडवून बिडकीनला जाणारच नाही. उलट कॅमेरे लागल्यावर लोक तक्रारी करायला लागले, तर पहिल्या वर्षी आकडा वाढलेलाच दिसेल. मग ग्रामसभेत कुणीतरी म्हणणार, एवढे पैसे घालून चोऱ्या वाढल्याच की!

म्हणून शिट्टीच्या आधी दोनशे पानी एक वही आणायला हवी. तारीख, वेळ, गल्ली, काय गेलं, तक्रार केली की नाही. पहारा सुरू होण्याआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने. शिवेपलीकडच्या, पहारा नसलेल्या वस्तीचीही तशीच एक वही. आणि लिहायला असा माणूस, ज्याला खोलीवाले ओळखतात. मेसवाल्या मावशी चालतील. कुणाचं काय गेलं, हे त्यांना ठाण्याआधी कळतं.