मोबाइल आडवा धरला म्हणून

मोबाइल आडवा धरून दोन्ही अंगठे स्क्रीनवर ठेवलेला माणूस गेमच खेळत असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं आहे. माझ्या बाबतीत हे ठरवायला एक फोटो पुरला. अकोले गावातल्या ज्या सेवा केंद्रात मी ऑपरेटर आहे, तिथं 2025च्या नोव्हेंबरात काउंटरच्या काचेतून कुणीतरी तो काढला. अलीकडे बायांची रांग, पलीकडे मी, हातात आडवा मोबाइल. खाली ओळ होती : 'लाडक्या बहिणी रांगेत, ऑपरेटर पब्जीत'. संध्याकाळपर्यंत तो फोटो राजूरपासून संगमनेरपर्यंत फिरला. फोटो खरा होता, ओळ खोटी होती. तिचा राग अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी गेम खेळतो, हे आधीच सांगतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आढळा खोऱ्यात घर, दोन गाई, थोडा टोमॅटो. संगमनेरला बीएस्सी केली, नोकरीसाठी पुण्यात हिंडलो, परत आलो. सकाळी धारा काढून डेअरीला दूध घालतो आणि मग गावात केंद्रावर. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, सातबारा, फार्मर आयडी. दिवसभर काम कमी आणि वाट पाहणं जास्त. साइट उघडायची वाट, कॅप्चा दिसायची वाट, लाइट यायची वाट. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, कारण जन्मभर माती आणि विळा हाताळून रेघा पुसल्या गेल्यात. ते बोट पुसून पुन्हा ठेवतात, मशीन पुन्हा नकार देतं, आणि ते माझ्याकडे असे बघतात जणू मीच नकार दिला.

रात्री साडेनऊला जेवणं उरकली की आमचा स्क्वॉड जमतो. एक जण राजूरला औषधांच्या दुकानात कामाला, एक चाकणला कंपनीत, एक सिन्नरच्या एमआयडीसीत, चौथा मी. खेळ बीजीएमआय, म्हणजे पब्जीचीच भारतातली आवृत्ती. शंभर जण विमानातून उतरतात, झोन लहान होत जातो आणि अर्ध्या तासात एकच टीम उरते. मी आमचा कॉलर आहे, म्हणजे कुठं उतरायचं, कधी रश करायचा, कधी गप्प पडून राहायचं हे मी बोलतो. हेडफोनमध्ये पावलांचा आवाज कुठून येतो, लाकडावर आहे की गवतावर, हे ओळखावं लागतं. पावसाळ्यात राजूरची लाइट जाते, पाठोपाठ रेंज जाते आणि तिथल्या गड्याचा खेळाडू मैदानात नुसता उभा राहतो. मग आम्ही तिघं त्याच्याभोवती धुराचे बॉम्ब टाकून थांबतो. मॅच जाते, पण गडी सोडून जायचा नाही, हे आमचं ठरलेलं. दिवसभर ज्याला कुणी 'झालं का, झालं का' एवढंच विचारतं, त्याला रात्री तीन माणसं 'तू सांग, आता काय करायचं' म्हणून विचारतात, ही मोठी गोष्ट आहे.

आता त्या दिवशीचं सांगतो, सविस्तर, कारण तेव्हा ते कुणी ऐकून घेतलं नाही.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 18 सप्टेंबर 2025ला सुरू झाली आणि मुदत होती 18 नोव्हेंबरची. बाईचा आधार नंबर टाकायचा, तिच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकायचा, त्याच्या मोबाइलवर दुसरा ओटीपी. वाचायला सोपं आहे. ओटीपीच्या तांत्रिक अडचणी येत असल्याचं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीही जाहीर सांगितलं होतं. पण आमच्या तालुक्यात त्याच्याही आधी एक अडचण असते : फोन कुणाकडे आहे?

त्या दिवशी मुळा खोऱ्यातून, कोतुळच्याही पलीकडून एक ताई आल्या. एसटीनं, कडेवर मूल. त्यांच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या आधारला एकच नंबर जोडलेला. तो फोन नवऱ्याकडे. नवरा मजुरीला नारायणगावला. म्हणजे दोन्ही ओटीपी जाणार नारायणगावच्या शेतात, बांधावरच्या पिशवीत. ताईंचं स्वतःचं आधार कार्ड होतं. नवऱ्याची झेरॉक्स आणली होती, पण घडीवरचे आकडे पुसले होते.

मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. दोनदा नुसता वाजला. तिसऱ्यांदा मुकादमानं उचलला, त्यानं नवऱ्याला हाक मारून आणलं. नवऱ्याचा फोन बटणांचा. मी म्हणालो, "दादा, आधार कार्ड जवळ आहे का? कुणाच्या तरी मोबाइलवरून फोटो पाठवा." त्यानं मुकादमाच्या मोबाइलवरून पाठवला. उन्हात काढलेला, प्लास्टिकवर चमक पडलेली, त्यात एक आकडा 3 की 8 ते कळेना. आधार कार्ड आडवं असतं. मी मोबाइल आडवा केला आणि दोन्ही अंगठ्यांनी तो फोटो ताणून मोठा करत होतो.

नेमका त्याच क्षणी तो फोटो निघाला.

मी काचेकडे बघितलंसुद्धा नाही, कारण लक्ष त्या आकड्यात होतं. 8 टाकला, चुकीचा नंबर म्हणून परत आला. 3 टाकला, पुढं गेलं. ओटीपी गेला, पण तोवर नवरा पुन्हा वाफ्यात उतरलेला. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. तो येऊन मेसेज उघडेपर्यंत इकडे पान बंद पडलं. पुन्हा पहिल्यापासून. रांगेतल्या बाया कुरकुरत होत्या आणि त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या परतीच्या एसटीची वेळ होत आली होती. मी नवऱ्याला म्हणालो, "आता फोन ठेवू नका, लाइनवरच थांबा." त्यानं एकेक आकडा वाचून दाखवला, मी टाकला, आणि झालं. ताईंनी विचारलं, "पैसं येतील ना भाऊ?" म्हटलं, "येतील, ताई." त्या मूल सावरत स्टँडकडे गेल्या.

फोटो काढणारा रांगेच्या मागं दाखल्यासाठी थांबलेला एक जण होता. मी खेळतो हे त्याला माहीत होतं, कारण गणपतीत आमच्या मंडळानं मुलांसाठी बीजीएमआयची रूम मॅच ठेवली होती आणि तिचं सगळं मी बघितलं होतं. तेवढ्या माहितीवर त्यानं ती ओळ लिहिली.

रात्री मालकाचा फोन आला. मी सांगायला लागलो तर म्हणाले, "तू खेळत होतास की नव्हतास ते मला नको सांगू. लोक काय म्हणतात ते बघ." सकाळी त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून घेतलं, 'कामाच्या वेळेत मोबाइल वापरणार नाही', आणि खाली सही. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर आलेला आधारचा फोटो होता, वेळेसकट. कॉलची यादी होती. पाहायला कुणी तयार नव्हतं. ज्या ग्रुपवर फोटो पडला तिथं मी सगळं लिहिलं. टाकणारा म्हणाला, "गैरसमज झाला असंल." फोटो मात्र काढला नाही. डेअरीवर वडिलांना एकानं विचारलं, "पोरगं कामावर खेळतं म्हणं?" वडील घरी येऊन काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी दूध मापताना माझ्याकडे बघितलं नाही.

आणि माझ्या सहीचा परिणाम काय झाला ते ऐका. मोबाइल वापरायचा नाही म्हटल्यावर नारायणगावला, ओतूरला, नाशिकला फोन लावायचा कुणी? ज्यांचा फोन नवऱ्याकडे आहे अशा बायांना 'नवऱ्याला घेऊन या' म्हणून परत पाठवावं लागलं. रोजंदारी बुडवून नवरा येणार कसा? त्यांच्यासाठीच भांडतो आहे असं म्हणणाऱ्या फोटोनं त्यांचाच खोळंबा केला. पुढं मालकांनीच हळूच सांगितलं, "लाव बाबा फोन, पण उभा धर." मुदतही पुढं 31 डिसेंबरपर्यंत वाढली. माझा कागद मात्र अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

मला वाटतं, याचं मूळ गेम या एका शब्दाखाली सगळं कोंबण्यात आहे. जुलै 2025मध्ये शेजारच्या सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ गाजला. मोबाइलवर रमी दिसत होती. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. पुढं त्यांचं खातं बदललं. तेव्हापासून कुणाच्याही हातातल्या मोबाइलवर दुसऱ्याचा कॅमेरा रोखला जायला लागला. पण रमी पैशाची आहे. बीजीएमआयमध्ये मी पैसे लावत नाही, जिंकतही नाही. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यातही हा फरक स्पष्ट आहे : पैशाच्या खेळांना बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. डिसेंबर 2022मध्येच केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिले. 2023च्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत त्यांना पदकं होती. सरकारला कळलेला फरक गावाच्या ग्रुपला का कळू नये?

बंदी हा प्रकार मला कधी पटला नाही. 2 सप्टेंबर 2020ला 118 ॲप बंद झाली, त्यात पब्जी गेली. लॉकडाउनमध्ये तीच आमची भेटायची जागा होती. 2021च्या जुलैत बीजीएमआय आली, 28 जुलै 2022ला तीही प्ले स्टोअरवरून गेली आणि 29 मे 2023ला परत आली. प्रत्येक वेळी आमचे लोक विखुरले. चाकणचा तर मधल्या काळात बोलायचाच बंद झाला होता. सुरक्षेची कारणं असतील, पण ज्याची सगळी मित्रमंडळी तिथं आहे त्याला कुणी विचारलं नाही.

तरीही रमीची आणि पैसे लावून टीम बनवायची ॲप बंद झाली तेव्हा मला बरं वाटलं, हेही खरं. केंद्रावर पोरं येतात, खात्याचा तपशील काढून मागतात. दुधाचे पैसे जमा झालेले आणि त्याच रात्री शंभर-दोनशे करत गेलेले दिसतात. बाप शेजारी उभा असतो, त्याला वाचता येत नाही. हे पाहिल्यावर बंदी वाईटच असते, असं म्हणायला जीभ रेटत नाही. भाचा सुट्टीला आला की मी त्यालाही तासाभरानंतर मोबाइल ठेवायला लावतो आणि रतनगडाच्या वाटेला नेतो. बीजीएमआय परत आली तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. मला विचाराल तर शाळेच्या पोरांना तेवढीही जास्त आहे. आईबापांना माझं सांगणं आहे : मोबाइल हिसकावण्याआधी पोरगा काय खेळतो ते शेजारी बसून एकदा बघा. पैसे भरायचं पान येतं का, एवढं बघितलं तरी पुरे. आवाजावरून, आरडाओरड्यावरून काही कळत नाही.

फोटो काढणाऱ्या माणसाबद्दल विचाराल, तर तो वाईट आहे असं आता मला वाटत नाही. तोही दोन तास उभा होता, त्याच्या पोरीच्या फीची सवलत त्या दाखल्यावर अडली होती. पुढं त्याचा दाखला मीच काढून दिला. तो काही बोलला नाही, मीही नाही. पण रात्री गेम सुरू व्हायच्या आधी कुणी त्या फोटोचा विषय काढला की माझा आवाज अजून चढतो.

त्या ताईंचं काम अडलं ते दोघांच्या आधारला एकच नंबर होता म्हणून, माझ्या गेममुळे नाही. म्हणून प्रत्येक बाईला सांगतो : साधा बटणांचा का होईना, स्वतःचा फोन घ्या आणि आधारला स्वतःचाच नंबर जोडा. आधार केंद्रावर त्याला 75 रुपये लागतात. आणि ज्यांना कुणाचा फोटो काढून खाली काही लिहायचं असेल त्यांनी आधी काचेवर टकटक करून विचारावं, "काय करतोयस?" मी उत्तर दिलं असतं.