तीन बदाम

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात मधली तीन सामायिक पाने उलटली आणि तिन्ही बदामाची निघाली, की खेळणारे एकदम सावध होतात. तिन्ही पाने कोणत्या ना कोणत्या एकाच रंगाची, असे शंभर डावांत साधारण पाचदा घडते. प्रत्येकाला वाटते, समोरच्याच्या हातात आणखी दोन बदाम असणार. हिशेब वेगळे सांगतो. आपल्याकडे बदाम नसेल, तर समोरच्या एका खेळाडूकडे दोन असण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के! सगळे 'चेक' म्हणत गेले, की शेवटी बोलणारा नेमक्या या भीतीवर पैसे लावतो. डावात १०० रुपये असताना त्याने ५० लावले, तर तिनांत एकदा सगळ्यांनी पाने टाकली तरी त्याचे भागते. हाती बदामाचा एक्का असला तर दुधात साखर. एक्क्याचा फ्लश मग दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही.

परभणी जिल्ह्यात आम्ही खेळलो ती तीन पत्ती. तिथेही एकाच रंगाची तीन पाने येण्याचे प्रमाण तेच, शंभरात पाच. फक्त ती हातात झाकलेली असतात. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. खटला हैदराबादच्या जुगार कायद्याखालचा होता. १९५६ पर्यंत परभणीही त्याच राज्यात होती. (२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच पुसून टाकला, ते असो.)

पाने नशिबाने येतात हे खरे. पण ती कोण टाकतो, हे नशीब ठरवीत नाही. मानवतला दिवाळीच्या बैठकीत कापसाचे एक आडते शेवटी बसत आणि चाल दुप्पट करीत. पोकरमध्ये समोर आहे तेवढे लावून शेवटपर्यंत डावात राहता येते. आमच्याकडे चाल परवडली नाही, की पाने खाली ठेवायची. त्यामुळे पोकरमधला शेवटचा खेळाडू समोरच्याच्या मनातल्या शंकेवर खेळतो, आडते त्याच्या खिशावर खेळत. वडिलांनी हातात कलर असताना पाने टाकलेली मी पाहिली आहेत. आडत्यांकडे काय होते हे त्यांना कधीच कळले नाही. 'शो' मागायलाही पैसे मोजावे लागत.