दहाच्या आत

काकीची म्हैस धापा टाकायला लागल्यावर पाण्याकडे जात नाही. त्याच्या बऱ्याच आधी, ऊन अजून अंगाला बरं वाटत असतं तेव्हाच ती निघते, ठोकळवाडी धरणाच्या फुगवट्याकडे उतरणारी वाट धरते आणि गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन बसते. हाकायला कुणी मागे नसतं. एप्रिलमधल्या एका सकाळी ओट्यावर चहा पिताना हे माझ्या ध्यानात आलं आणि दिवसभर तेच डोक्यात राहिलं. काकीला विचारलं, तर तिला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "तापल्यावर जाऊन काय उपेग? तापायच्या आदी जायाचं."

म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार थोड्या, गाईच्या साधारण सहाव्या हिश्शाइतक्या. रंग काळा, केस विरळ, त्यामुळे ऊन थेट आत शिरतं. घाम गाळून निवण्याची सोय शरीरानं दिलेली नाही, म्हणून पाणी. तिच्या आळसाबद्दल आपल्याकडे कितीतरी बोलतात. मला ती त्या दिवशी गावातली सगळ्यात शहाणी बाई वाटली.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि त्यांच्यावरचं मायलिनचं वेष्टण जागोजागी खरवडून काढते. वेष्टण गेलेल्या तंतूतूनही संदेश जातो, पण कसाबसा. शरीराचं तापमान वाढलं की तंतूतला विद्युत्संदेश आणखी आखूड होतो, पुढच्या टप्प्यापर्यंत पोचण्याइतका जोर त्यात उरत नाही. यासाठी ताप भरावा लागत नाही. अर्धा अंश पुरतो. एखाद्या दिवशी दुपारी बारा वाजता ओट्यावरून न्हाणीपर्यंत जाणं तेवढं करतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर आधी लाल रंग जातो. काकीच्या लुगड्याचा लाल विटकरी दिसायला लागतो, मग त्यावर राख पसरल्यासारखा होतो. थर्मामीटरपेक्षा मला हे लुगडं खरं वाटतं. लाल फिका पडला की थोड्या वेळानं डावा पाय जड होणार आणि बोलताना शब्द तोंडात घोटाळणार, हे ठरलेलं. सावलीत, ओल्या फडक्याखाली पडून राहिलं की सगळं परत येतं, लालसुद्धा. नवं काही बिघडलेलं नसतं, जुन्याच जखमा उष्णतेनं बोलायला लागलेल्या असतात.

विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० साली हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. त्यानं तपासलेल्या शंभर रुग्णांपैकी चौघांची नजर श्रमानंतर अंधुक व्हायची. त्याला वाटलं, कारण श्रम असावेत. उष्णता हे खरं कारण नंतरच्यांना कळलं, आणि कळल्यावर त्यांनी तिची परीक्षा केली. रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि दृष्टी जाते का, पाय लुळा पडतो का, हे पाहायचं. एमआरआय येईपर्यंत रोग ओळखण्याची ही एक मान्य रीत होती. त्या टबात बसलेल्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याला काय होणार हे त्यांना आत बसायच्या आधी ठाऊक असेल, आणि ते झाल्याशिवाय आपलं म्हणणं खरं धरलं जाणार नाही हेही.

ही दुसरी गोष्ट आजही पुष्कळ अंशी तशीच आहे. सकाळी आठला मी नीट चालत असते, दुपारी एकला भिंत धरून चालते आणि संध्याकाळी पुन्हा नीट. पाहणाऱ्याला हे नाटक वाटू शकतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला, त्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, याचा मला मनापासून आनंद झाला होता. कागदावर नाव असणं मोठी गोष्ट आहे. पण तपासणीची वेळ सकाळी गार हवेत मिळाली तर माणूस धडधाकट दिसतो, आणि दुपारी रांगेत उभं राहावं लागलं तर प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत त्याला घरी कसं न्यायचं हा प्रश्न पडतो.

म्हणून उन्हाळा लागला की मी पुण्यातून आंदर मावळात, माहेरी येते. इथं काही थंड हवा नाही. टाकव्याच्या पुढं आमच्या खोऱ्यात एप्रिल-मे मध्ये ऊन चांगलं चटकतं. पण इथलं घड्याळ मला सोसतं. पहाटे चारला चूल पेटते. पाणी, शेण, सरपण, करवंदाच्या जाळीतली फेरी, टाकव्याला जायचं असेल तर पहिली गाडी, सगळं दहाच्या आत. मग दार ओढून घेतात आणि चारपर्यंत कुणी कुणाच्या घरी जात नाही. मी दिवसभर आत पडून असते याचं इथं कुणाला काही वाटत नाही, कारण सगळेच आत असतात. शहरात दुपारी झोपणाऱ्याला कारण द्यावं लागतं. उन्हात राबणं म्हणजे सद्गुण, आणि सवयीनं सगळं अंगवळणी पडतं, ही शिकवण आपल्या हाडात मुरलेली आहे. वेष्टण गेलेल्या तंतूच्या काही अंगवळणी पडत नाही. उष्णता सोसण्याचा आणि चारित्र्याचा काहीएक संबंध नाही, असं मला आता ठामपणे वाटतं.

जुन्या घराबद्दलही माझी मतं ठाम झाली आहेत. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं, मधल्या खोलीला खिडकी नाही. या खोलीत मे महिन्यातही पायाखाली गारवा असतो. दादानं शेजारी स्लॅबचं घर बांधलं. त्याचा अभिमान मला समजतो, पावसाळ्यात गळती काढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं आहे, आणि या खोऱ्यातला पाऊस कौलांवर दया करत नाही. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते परत देतो. रात्री अकराला छताखाली हात वर केला तरी धग लागते. शरीराला निवायला रात्र लागते. ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीची सकाळ आधीच दुपार झालेली असते. मी कुडाच्या घरात झोपते.

भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर राब भाजायचे लहानपणीचे दिवस याच घराच्या मागच्या खाचराला बांधलेले आहेत. माघ-फाल्गुनात आप्पा, म्हणजे माझे चुलते, ऐनावर चढून फांद्या सवळायचे. कोयत्याचा आवाज खाली यायचा आणि त्यापाठोपाठ फांदी. आम्ही मुलं जंगलातून पातेरा गोळा करायचो, गोणपाटात इतका दाबून भरायचो की पोत्याला पानांचा वास कायमचा लागायचा. रोपांच्या दाढीच्या तुकड्यावर आधी शेणाचा थर, त्यावर फांद्या, त्यावर पातेरा, मग गवत, आणि सगळ्यांत वर बारीक केलेली माती. ही माती फार महत्त्वाची. ती नसली तर जाळ भडकतो आणि वर निघून जातो. माती असली की आग दबून राहते, खाली उतरते. आप्पा वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचे, म्हणजे जाळ पळत सुटत नाही, रेंगाळत सरकतो. रात्री सगळं खोरं धुमसताना दिसायचं. समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी लाल रेघा, त्यांच्यावर निळसर धूर, आणि घरातल्या प्रत्येक कपड्याला, भाकरीलासुद्धा, तो वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या मागोमाग मी त्या राखेत अनवाणी जायची. ते ओरडायचे, मी थांबायची नाही. वरची राख मऊ आणि गार, पण पाऊल दाबलं की खालून ऊब यायची, आदल्या रात्रीची, मातीनं धरून ठेवलेली. टाचेपासून पोटरीपर्यंत ती चढायची. तेवढं सुख मला नंतर कुठल्या उबेनं दिलं नाही, थंडीतल्या शेकोटीनंही नाही. आता माझ्या तळव्यांना ऊन आणि गार यांतला फरक नीट कळत नाही. दुपारच्या फरशीवर पाय टाकण्याआधी मी वाकून हात लावून बघते. तरी ती ऊब पायांना आठवते. कशी आठवते, हे मला सांगता येणार नाही.

राबाचा फायदा राखेतून होतो, असं आप्पा म्हणायचे, सगळेच म्हणायचे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास केला आणि १९१२ साली तो छापला. राख उपयोगी आहेच, पण निव्वळ माती तापण्यानंही रोपांना फायदा होतो, असं त्यांना आढळलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. राख दिसते, म्हणून श्रेय तिला. उष्णता आपलं काम करून निघून जाते. या अभ्यासाआधी ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी झाडं सवळण्यावरून वनखातं आणि शेतकरी यांच्यात इतकं पेटलं होतं की १८८५ साली सरकारला आयोग नेमावा लागला. मॅन पुढे पिंपळे सौदागरच्या अभ्यासासाठी ओळखले गेले. दख्खनमधलं एक खेडं शिवारासकट आणि कर्जासकट त्यांनी १९१७ च्या पुस्तकात टिपून ठेवलं. आज तिथं इमारतींच्या रांगा आहेत. मी तिथून जाते तेव्हा खेडं शोधत असते.

आता आमच्याकडेही राब कमी झाला. सवळायला चढणारी माणसं उरली नाहीत, आणि झाडांच्या बाजूनं पाहिलं तर ते बरंच झालं. भात बदललं. आंबेमोहोराच्या जागी बहुतेक खाचरांत इंद्रायणी आहे, वडगावच्या संशोधन केंद्रानं १९८७ साली दिलेलं वाण, आंबेमोहोराच्याच वंशातलं. त्याची पेज मी सकाळी गार करून पिते, मीठ आणि ताक घालून. उन्हाळ्यात माझ्या पोटाला एवढंच मानवतं.

गारव्यावरून काकीचं आणि माझं एक भांडण मात्र कायम आहे. तिला माठातलं पाणी चालतं, फ्रीजमधलं नाही. "घसा धरंल." माझ्या आजारावरचा सल्ला बहुतेक थंड देशांतून येतो, कारण विषुववृत्तापासून दूर गेलं की या आजाराचं प्रमाण वाढत जातं. तिथल्या पुस्तकातला उन्हाळा वाचला तर तो आमचा डिसेंबर वाटतो. एसी लावा, निवणारं जाकीट घाला, असं त्यात लिहिलेलं असतं. सिडनी विद्यापीठातल्या एका प्रयोगानं मात्र मला काकीविरुद्ध हत्यार दिलं. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. उष्णता न सोसणाऱ्या एमएसच्या रुग्णांना तीस अंशांच्या खोलीत सायकल मारायला लावली आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी दिलं, कधी बर्फासारखं, कधी शरीराइतकं कोमट. गार पाण्यावर ते बऱ्यापैकी जास्त वेळ टिकले. आणि शरीराच्या आतलं तापमान दोन्ही वेळा सारखंच होतं! तोंडाला आणि पोटाला गार लागणं, एवढ्यानंच काहीतरी सुटतं. काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि माठाखाली वाळूचा ओला थर दुप्पट केला. तेही पाणी चांगलं गार झालं.

फ्रीजवर भिस्त ठेवता येत नाही, हेही खरंच आहे. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात फांदी तारेवर पडली की वीज कधी येईल सांगता येत नाही. गंमत म्हणजे वीज आमच्याच पाण्यावर होते. आमच्या खोऱ्यातली आंद्रा नदी मुळात पूर्वेची, इंद्रायणीला मिळून भीमेबरोबर बंगालच्या उपसागराकडे जाणारी. आंध्रा व्हॅली कंपनीनं ती ठोकळवाडीला अडवली, आणि १९२२ पासून तिचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला भिवपुरीला उतरतं, वीज करतं आणि उल्हासेच्या खोऱ्यात जातं. कुसूरच्या पठारावर उभं राहिलं की दोन्ही बाजू दिसतात. शंभर वर्षं मुंबईचे पंखे या पाण्यावर फिरले. माझी मावशी गिरगावात राहायची, तिच्याकडचा तो जड लोखंडी पंखा मला आठवतो. लहानपणी मी तिला सांगायची की हे आमचं वारं आहे, आणि ती मान हलवून म्हणायची, "मग लाव की जोरात."

सगळ्यांत अवघड आठवडा अजून यायचा आहे. रोहिणी संपताना ऊन उतरतं आणि उकाडा चढतो. लोक सुटकेचा श्वास सोडतात तेव्हा माझे हाल सुरू होतात, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळणारा घाम निववत नाही. ओलं फडकंही तेव्हा निरुपयोगी होतं. पाण्याचं घंगाळ हाच उपाय, त्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसायचं, तेही लाल फिका पडायच्या आधी.

आणि त्याच आठवड्यात धूळवाफेची पेरणी असते. परवा वहिनी भाजलेल्या तुकड्यावर ढेकळं फोडत होती, मी बांधावर बसले होते. बी टाकायला येऊ का, म्हणून विचारलं. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं नाही, आभाळाकडे पाहिलं.

"ये की. पाचला ये. सहाला आलीस तर मी थांबायची नाही."