ओळखीचा डॉक्टर, अनोळखी आवाज

रेडिओवर बोलणारा डॉक्टर म्हणजे रोग्यापासून लांब गेलेला डॉक्टर, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. हिंगोली जिल्ह्यात खेड्यावर दवाखाना चालवणाऱ्याला तसं वाटणारच. आमचं काम हाताचं. जीभ बघायची, पोट दाबायचं, पापणी खाली ओढून अंगात रक्त किती ते पाहायचं. तापलेल्या नातवाला घेऊन आजी आत येते तेव्हा तिच्या चालीवरूनच तिचे गुडघे कळतात. माइकपुढे यातलं काय उरतं? नुसत्या आवाजावर औषध सांगणं धोक्याचं, आणि औषध न सांगता उपदेश करण्यात काय हशील! शिवाय ही आपली जाहिरात तर होणार नाही ना, ही धास्ती होतीच.

ती धास्ती लवकर मिटली. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरला स्वतःची जाहिरात करता येत नाही, पण सार्वजनिक आरोग्यावर रेडिओवर बोलायला मोकळीक आहे. महायुद्धाच्या काळात बीबीसीवर डॉ. चार्ल्स हिल बोलायचे तेही नाव न सांगता, नुसते ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून. पोट साफ होण्याबद्दल ते घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलत, आणि लोक ऐकत.

हिंगोली १ मे १९९९ला वेगळा जिल्हा झाला, तरी आमचा रेडिओ परभणीचाच राहिला. १३०५ किलोहर्ट्झ. त्या केंद्रावर मी पहिल्यांदा गेलो तो एका डॉक्टर मित्राच्या आग्रहाखातर. पुढे फोनवरच्या प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालवायला लागलो, आणि माझं मत बदललं ते तिथे.

एका बाईचा फोन आला. मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज. “डॉक्टरसाहेब, गाव सांगणार नाही,” हे तिचं पहिलं वाक्य. मग थांबली. मग एका दमात म्हणाली, “लई दिवस झाले, अंगावरून पांढरं जातंय. वास येतो. घरी कोणाला बोलले नाही.” मी विचारलं, “माय, गावात डॉक्टर नाही का?” ती म्हणाली, “हायेत की. पण ते आमच्या मामंजींच्या ओळखीचे.”

या उत्तरानं मला हलवलं. फॅमिली डॉक्टरची सगळी मिरास ओळखीत आहे, असं आम्ही मानतो. तीन पिढ्या माहीत असतात, कोणाला साखर आहे, कोणाचा कोणाशी बांधावरून वाद आहे, सगळं ठाऊक. त्या ओळखीमुळेच एखादीचं तोंड बंद होतं, हे मला दवाखान्यात बसून कधी कळलं नसतं. माझ्याही दवाखान्यात सून येते ती सासूबरोबर. मी सासूला नमस्कार करतो, सासऱ्यांची चौकशी करतो, आणि सून “कंबर दुखते” एवढंच सांगून गोळ्या घेऊन जाते.

त्या बाईला मी औषधाचं नाव सांगितलं नाही. थोडं पांढरं जाणं नेहमीचं असतं; वास, खाज, ओटीपोटात दुखणं असेल तर तपासून घ्यायलाच हवं; पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नये, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कुठे होते ते आरोग्य केंद्रात विचारावं, एवढं बोललो. पुढे माझ्याच दवाखान्यात एक सून आली. सासू शेजारी बसलेली. सून म्हणाली, “रेडिओत सांगितलं त्याच्यासाठी आले.” मी सासूबाईंना केसपेपर काढायला बाहेर पाठवलं आणि नर्सबाईंना आत बोलावलं.

आणखी एक गोष्ट रेडिओवर जमते. दवाखान्यात माणूस येतो तोवर घरचा उपाय होऊन गेलेला असतो. वसमतची हळद बाजारात नाव कमावून आहे, आमच्याकडे ती प्रत्येक जखमेवर जाते. बाळाच्या नाळेवर, भाजल्यावर, साप चावल्यावरसुद्धा. हळदीच्या जिल्ह्यात उभं राहून ‘नाळेला हळद लावू नका, ती कोरडी ठेवा’ म्हणणं सोपं नाही. पण एकेका बाळंतिणीला उशिरा सांगण्यापेक्षा आज्या ऐकत असताना सगळ्यांना आधी सांगितलेलं बरं. मृगाच्या आधी मी सर्पदंशावर बोलतोच: चिरू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. विंचवाचा विषय निघाला की डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतो. आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस महाडला राहिला, आणि विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यानं माणसं वाचवली. वेळेवर आलेला रोगी वाचतो, हे लोकांच्या मनावर ठसायला अशी खरी गोष्ट लागते.

तपासल्याशिवाय औषध नाही, हे माझं जुनं मत मात्र जागेवरच आहे. सांधेदुखीवर “एखादी गोळी सांगा की” म्हणणाऱ्यांना मी दर वेळी नाही म्हणतो. तशा गोळ्यांच्या नावाखाली स्टेरॉइड खाऊन सुजलेले चेहरे मी रोज बघतो.

१९५६मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं १५० गावांत रेडिओ मंडळं चालवली. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत, प्रश्न केंद्राला कळवत. शेतीला ती रीत उत्तम. बायकांच्या दुखण्याला ती चालत नाही, तिथे ऐकणारी एकटी हवी. म्हणून केंद्राकडे मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, माझ्या शेजारी स्त्रीरोगतज्ज्ञ बाई बसवा. दुसरी, संध्याकाळची वेळ बदलून दुपारची द्या. संध्याकाळी सगळं घर जागेवर असतं आणि फोन दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात असतो.