अर्ध्या तासाचं अंतर

हेलसिंकीहून उत्तरेला निघालेली लोकल साधारण अर्ध्या तासात यार्वेनपॅला पोचते. डिसेंबरात इथं उजाडायलाच नऊ वाजून जातात, म्हणून कामावर जाणारी माणसं अंधारात गाडीत चढतात आणि अंधारातच परततात. अशा गावाला ‘झोपण्यापुरतं गाव’ म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. जूनमध्ये सूर्य साडेदहानंतर मावळतो. कचेरीतून आलेल्या माणसापुढे अख्खा दिवस शिल्लक असतो, आणि तो याच गावात जातो.

फिनलंडची पहिली रेल्वे १८६२ साली हेलसिंकीहून हॅमेनलिनाला गेली, ती इथूनच. शतक संपता संपता इथल्या तूसुला सरोवराच्या काठी कलावंत राहायला येऊ लागले. आधी लेखक युहानी आहो, मग चित्रकार एरो यार्नेफेल्ट आणि पेक्का हालोनेन. १९०४ मध्ये संगीतकार सिबेलियस आला. राजधानीतल्या मैफली आणि मद्याच्या बैठका त्याला कामापासून ओढून नेत होत्या. तरी राजधानी पार सुटलेलीही चालणार नव्हती. वास्तुकार लार्स सोंकनं आराखडा केलेल्या आपल्या लाकडी घराला त्यानं पत्नी आइनोचं नाव दिलं, ‘आइनोला’. आवाजाचा त्रास नको म्हणून १९५७ साली तो जाईपर्यंत घरात नळ आले नाहीत. त्या शांततेसाठी पाणी कोणी वाहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आइनोनं मुली वाढवल्या, बाग फुलवली. त्याच्या तिसरीपासून सातवीपर्यंतच्या सिंफनींमागे तिचे कष्टही आहेत.

मला वाटतं, आज रोज ये-जा करणारी नर्स किंवा कारकून या कलावंतांपेक्षा वेगळं काही मागत नाहीत. शहर हाताशी असावं, पण उशाशी नसावं.

गाव वाढलं ते मात्र निव्वळ आवडीनं नाही. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडच्या कारेलिया प्रांताचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांवर माणसं घरांना मुकली; त्यांतली काही इथं येऊन वसली. १९५१ मध्ये यार्वेनपॅ तूसुला नगरपालिकेपासून वेगळं झालं, १९६७ मध्ये शहर झालं. पुढच्याच वर्षी काँक्रीटचं करकरीत चर्च उभं राहिलं. आज जेमतेम चाळीस चौरस किलोमीटरांत पंचेचाळीस हजारांवर लोक राहतात.

या वाढीची किंमत सरोवरानं मोजली. सांडपाणी आणि शेतातली खतं उतरून पाणी शेवाळानं हिरवं होऊ लागलं. सांडपाणी दूर वळवलं, तरी तळाशी साचलेला गाळ कुठे जाणार? म्हणून काठच्या नगरपालिका कित्येक वर्षं मिळून खर्च करताहेत: यंत्रांनी पाण्यात प्राणवायू सोडायचा, गाळ ढवळणारे मासे जाळी टाकून काढायचे, येणाऱ्या ओढ्यांवर पाणथळी राखायच्या. काम अजून चालूच आहे.