कोचीचं उदाक

कोची एका दिवसात बघून होत नाही, असं तिकडे जाऊन आलेले सगळेच सांगतात. आमच्या वाट्याला एकच दिवस आला होता. एर्नाकुलमला माझं दोन दिवसांचं चर्चासत्र होतं. त्या निमित्ताने घरची मंडळीही बरोबर आली. पत्नी, पी.यू.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. तिसरा दिवस मोकळा, रात्री उशिरा परतीची गाडी. मुलीने आदल्या रात्रीच नऊ ठिकाणं ठरवून टाकली. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि जेवायचं कधी?"

सकाळी उच्च न्यायालयाजवळच्या धक्क्यावर गेलो. कोचीची वॉटर मेट्रो 2023 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि फोर्ट कोचीपर्यंतची फेरी 2024 मध्ये. बॅटरीवर चालणारी वातानुकूलित होडी, आवाज जवळजवळ नाहीच. धक्का तरंगता आहे. भरती-ओहोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे होडीत पाऊल टाकताना आईला कुणाचा हात धरावा लागला नाही. आपल्याकडे एस.टी.त चढताना तिला दोघं लागतात!

खाडीत एका बाजूला वल्लारपाडमच्या कंटेनर धक्क्याच्या उंच क्रेन, दुसरीकडे विलिंग्डन बेट. हे बेट मूळचं नव्हे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरने बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते उभं केलं. खुद्द कोची बंदरही पाण्याच्याच मर्जीने झालं म्हणतात. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि इथे समुद्राकडे वाट मोकळी झाली. तेव्हापासून अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज, गुजराती, सगळ्यांची ये-जा इथूनच.

फोर्ट कोचीला उतरल्यावर समोरच ती प्रसिद्ध चिनी जाळी. उंच लाकडी सांगाड्याला टांगलेलं मोठं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळं पाण्यातून वर येतं. आम्ही पाहिलं त्या खेपेला मूठभर मासळी आली. तिथल्या माणसाने या जाळ्याचं नाव सांगितलं, चीनवला. पत्नी धारवाडकडची, तिने लगेच पकडलं, "वला म्हंद्र नम्म बलेनं!" कानडी बले, मल्याळम वला. मग दिवसभर तिचा हाच उद्योग. जेवणाला 'ऊण' म्हणतात हे ऐकल्यावर तर तिला माहेरी आल्यासारखंच वाटलं. मल्याळमची पाटी आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती, पण कानाने ती आमच्यापेक्षा चार पावलं पुढे होती.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये फार वेळ घालवला नाही. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि आधी इथेच पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता जमिनीत फक्त दगड आहे. "गोव्यातलं वास्को स्टेशन याच्याच नावाचं का?" मुलीने विचारलं. याच्याच. भिंतींत जुन्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, पोर्तुगीज आणि डच अक्षरांतले. वर छताला दोरीने ओढायचे लांबलचक पंखे अजून टांगलेले आहेत.

रिक्षाने मट्टनचेरी. इथे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, शुक्रवारी जाऊ नये. राजवाडा आणि सिनेगॉग दोन्ही बंद असतात. शनिवारीही सिनेगॉग बंदच. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी बांधून 1555 च्या सुमारास कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर फक्त डागडुजी केली. नाव मात्र डचांचं राहिलं. सरकारी कामांत आपल्याकडेही असंच होतं. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. ती पाहायला आईने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. मुलगी घड्याळ पाहत होती.

राजवाड्याला लागून देऊळ आणि देवळाच्या भिंतीला भिंत लावून सिनेगॉग, 1568 सालचं. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. या सिनेगॉगचं नाव परदेशी सिनेगॉग. स्पेन-पोर्तुगालकडून हुसकावलेले ज्यू इथे आले, त्यांना स्थानिकांनी परदेशी म्हटलं, आणि चारशे वर्षं राहूनही ते नाव काही सुटलं नाही. इस्रायल झाल्यावर, 1948 नंतर, इथले बहुतेक ज्यू तिकडे गेले. त्यांच्या बायकांच्या जुन्या गाण्यांबद्दल मी वाचलं होतं. लग्नाकार्याची ही गाणी मल्याळममधली. बायकांनी ती वह्यांत उतरवून ठेवली होती आणि जाताना वह्या बरोबर नेल्या. परदेशी म्हणवली गेलेली माणसं शेवटी मल्याळम घेऊन देशांतराला गेली. हे मी मुलीला सांगितलं. तिने "हं" केलं.

तिच्या "हं"ला पार्श्वभूमी आहे. मी मराठी शिकवतो आणि मुलीने पी.यू.ला मराठी सोडून हिंदी घेतली आहे, गुण चांगले पडतात म्हणून. माझ्या वर्गातली बाकं दर वर्षी थोडी मोकळी होत चालली आहेत, त्यात घरचंच एक. या विषयावर घरात दोनदा बोलणं झालं. तिसऱ्यांदा नको, असं पत्नीने मला बजावलं आहे.

दुपारी ज्यू टाउनमध्ये मिरी-वेलदोड्यांच्या दुकानांतून फिरलो. साडेतीनला पत्नीने जाहीर केलं, "साकात नोड्री, इन्न नडियाक आगंगिल्ल." मुलीच्या यादीतली चार ठिकाणं तिथेच संपली. चहा झाला, तास-दीड तास बसणं झालं, आणि देवळं उघडायच्या वेळेला चेरलाईत गेलो. तिथे कोकणी गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात गोवा सोडून आलेली ही माणसं. चारशेहून अधिक वर्षं झाली.

देवळाबाहेर एक म्हाताऱ्या बाई फुलं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शेजारच्या नातीला हाक मारली, "उदाक हाड गो."

आई थांबली. तिचं माहेर कारवारचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती बेळगावला आली. घरात मराठी, दारात कानडी. मी तिला कोकणी बोलताना लहानपणी फक्त मामा आले की ऐकलं होतं. मामा जाऊनही आता वीस वर्षं होतील. आई पायरीवर त्या बाईंच्या शेजारी बसली आणि बोलायला लागली. आधी अडखळत, शब्द शोधत. त्यांचं 'आमगेलें', हिचं 'आमचें'. त्यांच्या बोलण्यात मल्याळम भरपूर, हिच्या बोलण्यात मराठी. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत असावं, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. आम्ही दर्शन घेऊन आलो तरी आई तिथेच. तिचा आवाज वेगळा लागत होता, थोडा वरच्या पट्टीतला. असा आवाज मी ऐकलेला नव्हता.

परतीच्या होडीत मी मुलीला तीन कोकणी वैद्यांची गोष्ट सांगितली. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. कोचीचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला, अॅमस्टरडॅमला 1678 ते 1693 मध्ये छापलेला. त्याला या तिघांनी 1675 मध्ये प्रमाणपत्र लिहून दिलं, कोकणीत आणि नागरी लिपीत. नागरी अक्षरं छापल्याची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं. मुलीने मोबाइलवर ते पान शोधलं. जुन्या वळणाची अक्षरं ती एकेक लावून वाचू लागली. अर्थ तिला लागत नव्हता, मलाही पुरता लागत नव्हता. आईने चष्मा पुसला आणि कान पुढे केला.

मग मुलीने तिला विचारलं, "आजी, तू आमच्याशी कधी बोलली का नाहीस असं?"

"कुणाशी बोलणार?" आई म्हणाली. "सासूबाई हसायच्या. मग तुझा बाबा शाळेत जायला लागला, म्हटलं याचं मराठी बिघडायला नको."

मी काही बोललो नाही. बाहेर काळोख पडला होता, समोरच्या काठावर एर्नाकुलमचे दिवे लागले होते.

"भाताला काय म्हणतात?"

"शीत."

"माशाला?"

"नुस्तें."

"आणि होडीला?"

आई थोडा वेळ आठवत राहिली. "व्हडें," ती म्हणाली. मग खिडकीकडे तोंड करून स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.