मधली शीर कोणाची?

काळीज म्हणजे हार्ट, असं आपण बिनधास्त धरून चालतो. मटणवाल्याला विचारा! त्याची कलेजी म्हणजे शुद्ध लिव्हर. माझ्या ताईने बाबांना याच काळजाचा तुकडा द्यायचं ठरवलं, तेव्हा घरात रडारड सुरू होती आणि मी सर्जनना विचारत होते, "पण डॉक्टर, कापणार कुठून?" पत्रकाराची खोड, दुसरं काय!

त्यांनी स्क्रीनवर ताईचा सीटी स्कॅन लावला. एकमेकांत फांद्या घुसलेली झाडंच जणू!

फंडा असा आहे. बहुतेक अवयवांना रक्त येतं ते धमनीतून. लिव्हरला मात्र दोन लाइन्स. साधारण पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून येतं, आतड्यांकडून अन्नरस घेऊन. उरलेलं पाव धमनीतून, भरपूर ऑक्सिजनवालं. दोन्ही लाइन्स जोडीनेच फाटे फोडत जातात आणि सायनसॉइड नावाच्या बारीक बोळांत एकत्र होतात. तिथे पेशी आपलं काम उरकतात आणि मग तीन मोठ्या हिपॅटिक शिरांतून रक्त हृदयाकडे निघतं.

१८९७ मध्ये जेम्स कँटली यांनी मांडलं की, लिव्हरची खरी डावी-उजवी बाजू रक्तवाहिन्या ठरवतात. १९५७ मध्ये क्लोद कुइनो या फ्रेंच सर्जनने त्याचे आठ भाग पाडले. आठ फ्लॅट्सची सोसायटी म्हणा ना! नळ प्रत्येकाचा स्वतंत्र, म्हणून तर एक बाजू वेगळी काढता येते. पण ड्रेनेजचा पाइप शेजाऱ्याशी कॉमन.

भांडण तिथेच. मधली शीर नेमकी डाव्या-उजव्याच्या सीमेवरून जाते आणि दोन्हीकडचं रक्त नेते. उजवा भाग बाबांना देताना ती शीर कोणाची? बाबांना दिली तर ताईच्या उरलेल्या भागातलं थोडं रक्त तुंबणार. ताईकडे ठेवली तर बाबांच्या तुकड्याला दुसरी नळी जोडावी लागणार.

इतका वेळ गप्प असलेले बाबा म्हणाले, "तिची शीर तिच्याकडेच राहू दे." सर्जन हसले. त्यांचाही प्लॅन तोच होता.

त्याला आता आठ महिने झाले. ताईचा कापलेला भाग काही पुन्हा उगवला नाही, उरलेलाच वाढून मोठा झाला. बाबांचा तुकडाही वाढला. आता ताई ऑफिसला जाते आणि बाबा रोज संध्याकाळी तिला फोन करून विचारतात, "जेवलीस का?"